आरोग्याचा पैसा आणि त्याचा हिशेब

आरोग्यावर सरकार किती खर्च करते, याची चर्चा दरवर्षी अर्थसंकल्पाच्या सुमारास होते आणि चार दिवसांत विरून जाते. तो पैसा नेमका कशावर खर्च होतो आणि त्यातून लोकांच्या पदरात काय पडते, याची चर्चा तर त्याहूनही क्वचित होते. नव्या इमारतीची कोनशिला बसते, खाटांची संख्या वाढल्याचे जाहीर होते, एखाद्या यंत्राचे उद्घाटन थाटाने पार पडते, आणि एवढ्यावरून आरोग्यसेवा सुधारली असे सर्वांनी समजावे अशी अपेक्षा असते. वस्तुतः खाटा आणि यंत्रे ही केवळ साधने होत. त्यांवर खर्च झालेला रुपया दुसरीकडे वळवला असता तर किती माणसे वाचली असती, किती जणांचे दुखणे मुळातच टळले असते, हे विचारल्यावाचून खर्चाचे मूल्यमापन होऊ शकत नाही. हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासिकेत जन्मलेला नाही. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांनी तो एकदा अगदी जवळून पाहिला आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्षयरोगावर रामबाण औषध नव्हते. स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढीच काय ती उपाययोजना. पाचगणीची हवा त्यासाठी नावाजलेली, तेथे डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये ‘बेल एअर’ हे आरोग्यधाम सुरू केले. इकडे मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या मिशन हॉस्पिटलची कीर्ती दूरवर पसरली होती. त्यांच्याच प्रयत्नांतून सांगली आणि मिरज यांच्या दरम्यान क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले आणि त्या वस्तीला वानलेसवाडी हे नावही मिळाले. या संस्थांनी असंख्य रुग्णांची मनोभावे सेवा केली, याबद्दल दुमत होणार नाही. तथापि खाट मिळालेल्या प्रत्येक रुग्णामागे खाट न मिळालेले कितीतरी रुग्ण आपापल्या गावी, अंधाऱ्या घरांत खोकत पडलेले होते. जिथे एकेका रुग्णाला महिनोन्‌महिने ठेवून घ्यावे लागते, तिथे खाटा कितीही वाढवल्या तरी त्या अपुऱ्याच पडणार, हे उघड होते.

स्ट्रेप्टोमायसिन, पास आणि त्यामागोमाग आयसोनियाझिड ही औषधे आल्यावर परिस्थिती बदलली. आता प्रश्न असा उभा राहिला, की औषधाच्या जोरावर रोगी बरा होत असेल, तर त्याला आरोग्यधामात ठेवण्याची गरज आहे काय? त्याचा छडा लावण्यासाठी १९५६ मध्ये मद्रास शहरात एक प्रयोग हाती घेण्यात आला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी तो संयुक्तपणे केला. १९३ रुग्णांचे दोन गट पाडले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला शहरातील गरीब वस्तीतल्या त्याच्या घरीच राहू दिले. औषधे दोन्हीकडे तीच. आरोग्यधामातील रुग्णांना विश्रांती होती आणि आहारही चांगला होता. घरच्या रुग्णांना यांपैकी फारसे काहीच नव्हते. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षअखेरीस आरोग्यधामातील ९२ टक्के रुग्णांचा रोग आटोक्यात आला होता, तर घरी राहिलेल्यांपैकी ८६ टक्के रुग्णांचा. पुढे पाच वर्षे ठेवलेल्या नोंदींत हा फरकही उरला नाही. शिवाय घरी उपचार घेणाऱ्या रुग्णांपासून घरच्या माणसांना अधिक लागण झाली, असेही दिसून आले नाही.

या निष्कर्षाचा व्यावहारिक अर्थ फार मोठा होता. आरोग्यधामातील एका खाटेमागे इमारत, परिचारिका, मुदपाकखाना, नोकरचाकर असा सारा पसारा उभा करावा लागे. घरच्या रुग्णाला लागत होत्या त्या गोळ्या, ठरावीक काळाने तपासणी आणि गोळ्या पोटात जातात की नाही हे पाहणारा एखादा कर्मचारी. एका खाटेच्या खर्चात अनेकांना रोगमुक्त करण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. १९६२ च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने हीच वाट धरली आणि आरोग्यधामांचा काळ हळूहळू ओसरला. स्वस्त उपचार म्हणजे गरिबाला दिलेले दुय्यम दर्जाचे उपचार, ही समजूत येथे निखालस खोटी ठरली. ज्याला खाट कधीच मिळाली नसती, त्याला औषध मिळाले ते कोणी तरी खर्चाचा आणि फळाचा ताळा मांडला म्हणून.

मात्र या कथेचा उत्तरार्धही ध्यानात ठेवला पाहिजे. औषधे नियमित घेतल्यास आहार बेताचा असला तरी रोगी बरा होतो, एवढेच मद्रासच्या प्रयोगाने दाखवले होते. त्यातून सोयीस्कर अर्थ असा काढला गेला, की क्षयरोग्याच्या पोटाची काळजी करण्याचे कारण नाही. पुढील कित्येक दशके कार्यक्रमाने गोळ्या मोजल्या, भाकरी मोजली नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झारखंडमधील अभ्यासाने ही चूक दाखवून दिली. तेथे क्षयरोग्यांच्या कुटुंबीयांना दरमहा शिधा दिल्यावर त्यांच्यात नव्याने होणाऱ्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. केंद्र सरकारने २०१८ पासून रुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देण्यास प्रारंभ केला आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये केली, हे योग्यच झाले. तात्पर्य, हिशेब एकदा मांडून भागत नाही. त्यात काय धरले आणि काय वगळले, हे पुनःपुन्हा तपासावे लागते.

क्षयाच्या जोडीला आता रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार यांनी ग्रामीण भागातही ठाण मांडले आहे. खर्चाच्या वाटपाचा प्रश्न त्यामुळे अधिकच तीव्र झाला आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये राज्यभर लागू झालेली जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या शस्त्रक्रिया व उपचार यांचा भार सरकार उचलते, हे तिचे स्वरूप. जमीन गहाण टाकून हृदयशस्त्रक्रिया करण्याची पाळी या योजनेमुळे अनेक कुटुंबांवर आली नाही. तिचे हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. पण या योजनेचा पैसा रुग्णालयाच्या दारात पोचलेल्या रुग्णामागे जातो. ज्याला झटका आला त्याच्यासाठी ती धावून येते. ज्याचा झटका रोज एका गोळीने टळला असता, त्याच्या गोळीची तरतूद तिच्यात नाही.

ती तरतूद कशी करता येते, याचा वस्तुपाठ साताऱ्यातच मिळाला आहे. २०१७ च्या अखेरीस देशातील निवडक जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम हाती घेण्यात आला. पहिल्या तुकडीत महाराष्ट्रातील भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि सातारा हे चार जिल्हे होते. त्याची रीत अगदी साधी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या प्रौढाचा रक्तदाब मोजावयाचा. तो वाढलेला आढळल्यास ठरलेल्या क्रमाने ठरलेली औषधे द्यावयाची. रुग्णाची नोंद ठेवावयाची. तो पुढल्या महिन्यात आला नाही तर त्याला गाठावयाचे. ॲम्लोडिपिनसारख्या गोळीची घाऊक सरकारी खरेदीतील किंमत पैशांत मोजावी लागते. खर्च आहे तो गोळी अखंड मिळत राहील अशी व्यवस्था ठेवण्याचा आणि नोंदवही सांभाळणाऱ्या परिचारिकेचा. एखाद्या केंद्रात महिनाभर गोळ्या संपल्या, तर वर्षभराची मेहनत वाया जाते. अर्धांगवायूने घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, तर त्याच्या उपचारांचा, बुडालेल्या मजुरीचा आणि त्याची शुश्रूषा करण्यासाठी शाळा सोडणाऱ्या मुलीचा खर्च कोणत्याही खतावणीत चढत नाही. तो चढवला, तर गोळीची आणि परिचारिकेची किंमत किती अल्प आहे हे कोणत्याही लेखनिकाच्या सहज लक्षात येईल.

परंतु उद्घाटन यंत्राचे होते, नोंदवहीचे होत नाही. टळलेल्या झटक्याचे छायाचित्र काढता येत नाही. दृश्य खर्चाकडे राजकारणाचा ओढा असणे स्वाभाविक आहे. म्हणूनच अदृश्य फलाची बाजू मांडणारी यंत्रणा शासनातच असावी लागते.

आता या दोन जिल्ह्यांच्या नकाशाकडे पाहावे. २०११ च्या जनगणनेनुसार साताऱ्याची लोकसंख्या ३० लाखांहून किंचित अधिक, तर सांगलीची २८ लाखांहून अधिक आहे. मिरज ही वैद्यकाची पेठ. तेथे १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि उत्तर कर्नाटकातूनही रुग्ण येतात. कराडला मोठे खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे. साताऱ्यात २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. ही झाली कृष्णाकाठची स्थिती. याच जिल्ह्यांत जत आणि आटपाडी आहेत, माण आणि खटाव आहेत. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडची कांदाटी खोऱ्यातील गावे आहेत. जत तालुक्यातील उमदी सांगलीपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. तेथील गरोदर स्त्रीच्या लेखी मिरजेच्या खाटांची संख्या म्हणजे केवळ आकडा. दुष्काळी गावांतून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची तर नोंद एका गावात आणि वास्तव्य दुसऱ्या गावात. लसीकरणाच्या यादीत ते सापडावे कसे?

सरकारी निकष सांगतो, की सपाट भागात ५,००० आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी हेच आकडे अनुक्रमे ३०,००० आणि २०,००० असे आहेत. डोंगराला दिलेली सवलत रास्तच होय. परंतु विरळ वस्तीच्या, सपाट पण कोरड्या तालुक्यात अंतर हीच मुख्य अडचण असते आणि माणशी मोजणाऱ्या निकषाला अंतर दिसत नाही. एस.टी.चे भाडे आणि बुडालेला रोज हा रुग्णाने भरलेला करच आहे. तो जिथे जास्त, तिथे सरकारचा वाटा जास्त असावा, हे तत्त्व निधीच्या वाटपात मुरले पाहिजे.

त्यातही इमारत असणे आणि सेवा असणे यांत फरक आहे. महाराष्ट्रातील सार्वजनिक आरोग्ययंत्रणेवरील महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळापुढे मांडण्यात आला. डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ यांच्या रिक्त जागांवर त्याने नेमके बोट ठेवले. तंत्रज्ञाविना यंत्र आणि परिचारिकेविना खाट ही गुंतवणूक नव्हे, उधळपट्टी आहे. एकदाच होणाऱ्या बांधकामाला पैसा मिळतो आणि दरमहा द्याव्या लागणाऱ्या पगाराला मिळत नाही, ही आपल्या नियोजनाची जुनी खोड आहे.

खर्चाच्या या ताळेबंदावर आक्षेप घेतले जातात आणि ते उडवून लावण्याजोगे नाहीत. अमेरिकेतील ओरेगन राज्याने १९९० च्या सुमारास गरिबांसाठीच्या योजनेत कोणते उपचार बसवावेत, याची क्रमवार यादी गणिताने तयार केली. पहिल्याच मसुद्यात दातावर टोपण बसवण्याचा क्रम आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेच्या वर लागला! दाताचे काम स्वस्त, म्हणून ते वर. जीव वाचवणारी शस्त्रक्रिया महाग, म्हणून ती खाली. ती यादी सुधारून घ्यावी लागली. गणिताला माणसाच्या विवेकाची जोड नसेल तर काय होते, याचा तो धडा होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याचा सांगलीशी जवळचा संबंध आहे. एड्सच्या साथीची झळ ज्या जिल्ह्यांना तीव्रतेने बसली त्यांत सांगली होती. तेथे १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेने वेश्याव्यवसायातील स्त्रियांनाच कार्यकर्त्या बनवून प्रतिबंधाचे काम उभे केले. अत्यल्प खर्चात झालेले हे काम उपदेशाने नव्हे, त्या स्त्रियांच्या संघटनेने तडीस नेले. त्या काळात जगातील अनेक तज्ज्ञांचे मत असे होते, की गरीब देशांनी सारा पैसा प्रतिबंधावरच खर्चावा. औषधोपचार त्यांना परवडणारे नाहीत. आकडे त्यांच्या बाजूने होते, कारण औषधांचा वार्षिक खर्च माणशी दहा हजार डॉलरच्या घरात होता. परंतु २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली आणि सारे गणित कोलमडले. एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत औषधे देण्यास सुरुवात केली. नियमित औषध घेणाऱ्यापासून लागण पसरणे जवळजवळ थांबते, हे २०११ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे उपचार हाही प्रतिबंधच ठरला. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवावयाच्या औषधयुक्त स्टेंटची किंमत फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने २९,६०० रुपयांवर आणली, तेव्हाही हेच दिसले. किंमत ही निसर्गाने ठरवलेली गोष्ट नाही. एखादा उपचार महाग आहे म्हणून गरिबाला नाकारण्यापूर्वी तो महाग का आहे, हे विचारणे हा हिशेबाचाच भाग होय.

तिसरा आक्षेप असा, की फलप्राप्तीच्या गप्पा म्हणजे खर्च टाळण्याची पळवाट. ही भीती निराधार नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे आणि त्याचा दोनतृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग प्राथमिक सेवेला देण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता आणि एकूण आरोग्यखर्चातील ३९.४ टक्के रक्कम लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. तेव्हा पैसा वाढलाच पाहिजे. पण वाढलेला पैसाही जुन्याच वाटेने गेला, तर उमदीच्या रुग्णाला त्याचा स्पर्श होणार नाही. अधिक द्या आणि दिलेल्याचा हिशेब द्या, या दोन मागण्या परस्परविरोधी नाहीत.

असा हिशेब ठेवण्याची कुवत आपल्याकडे नाही, असेही कोणी म्हणू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याची पद्धत उभी केली आणि तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये जगापुढे ठेवले. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. एका बालकामागे खर्च ५.३ डॉलर आणि दर अठरा बालकांमागे एक मृत्यू टळलेला, हा आकडाही त्यांनी मांडला. म्हणजे शंभर डॉलरपेक्षा कमी खर्चात एक जीव. पुढे २०११ मध्ये ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली गेली, त्यामागे या काटेकोर नोंदींचे बळ होते. नव्या उपचारांचे खर्च आणि फळ यांच्या दृष्टीने परीक्षण करण्यासाठी केंद्राने २०१७ मध्ये स्वतंत्र यंत्रणाही उभारली आहे. ती दिल्लीतच न राहता जिल्ह्याच्या पातळीवर उतरली पाहिजे.

सातारा आणि सांगली येथील जिल्हा परिषदांनी या बाबतीत पुढाकार घेण्यास काही हरकत नाही. दरवर्षी तालुकावार एक साधा तक्ता प्रसिद्ध करावा. किती पदे भरलेली होती, आवश्यक औषधे किती दिवस संपलेली होती, नोंद झालेल्या रक्तदाबाच्या रुग्णांपैकी कितीजणांचा दाब आटोक्यात आला, किती क्षयरोग्यांनी उपचार पूर्ण केले, किती प्रसूती सुखरूप झाल्या आणि या प्रत्येक बाबीवर किती खर्च झाला, एवढे त्यात असावे. पुढील पाच वर्षांच्या वेतनाची व देखभालीची तरतूद दाखवल्याखेरीज नव्या इमारतीला जिल्हा नियोजन समितीने मंजुरी देऊ नये. हा तक्ता ग्रामसभेत वाचला जावा. तो समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. गावचा शिक्षक, पंचायतीचा लेखनिक आणि महाविद्यालयात शिकणारा मुलगा तो सहज वाचू शकतील आणि आपल्या तालुक्याची शेजारच्या तालुक्याशी तुलना करू शकतील. एकदा ही तुलना लोकांच्या तोंडी झाली, की पुढाऱ्यांनाही कोनशिलेपलीकडे पाहावे लागेल.

आरोग्याच्या बाबतीत पैशाची भाषा करणे निष्ठुरपणाचे आहे, असे अनेक सहृदय माणसांना वाटते. पण पैसा मर्यादित असताना वाटप तर होतच असते. ते उघडपणे झाले नाही, तर ज्याचा आवाज मोठा आणि ज्याचे गाव मोठ्या रस्त्यावर, त्याच्याकडे तो जातो. ज्यांना काहीच मिळाले नाही त्यांची नावे अशा वाटपात कोणाला कळतही नाहीत. वानलेसवाडीच्या खाटेची वाट पाहत घरीच खोकत राहिलेल्या माणसाला अखेर औषध मिळाले, ते त्याला मोजण्यात धरले म्हणून. जत आणि माणमधील आजच्या रुग्णालाही प्रथम मोजण्यात धरले पाहिजे.